समोरच्या खोलीत भाजीच विकावी

मी, शकुनबाई खुशाल लांजेवार, वय बहात्तर, राहणार वरठी, रेल्वेफाटकापलीकडची कामगार वस्ती, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारा माझा एकुलता मुलगा योगेंद्र सध्या कोल्ड्रिंकच्या एजंटाला चहा पाजण्यात गुंतला आहे.

१. मागच्या दोन खोल्या, बँकेतली ठेव आणि कूलर योगेंद्रला द्यावा. कूलर फार आवाज करतो, पण माझे बोलणे ज्याला ऐकू येत नाही त्याला कूलरचा काय त्रास!

२. समोरची खोली, म्हणजे माझे भाजीचे दुकान, वजनकाटा व टोपल्या सून अंजूच्या. तिथे भाजीच विकावी. खोली भाड्याने देण्याचा हक्क योगेंद्रला नाही.

कारण लिहून ठेवते. वस्तीतल्या बाकी दुकानांत चिप्सचे पुडे तोरणासारखे लटकतात. भाजीबाजार फाटकाच्या त्या बाजूला, गावात; बाया कामावरून सुटतात तोवर तो उठलेला असतो. मधे साहेब लोकांनी ‘सकस आहार केंद्र’ उघडले. फीत कापली, कचोरी खाल्ली, कुलूप लावले. कुलूप अजून सकस आहे.

योगेंद्र म्हणतो, “माय, भाजी सडते, पुडे काही सडत नाई. काहून जीव काढून राहिली?”

“बाबू, ज्याले किडा तोंड लावत नाई, ते तू लेकरायले चारशीन?”

“लेकरं हासत हासत खातेत.”

“तुले रानातल्या तरोट्याची भाजी रडवून रडवूनच चारली मी. म्हणून एवढा उंच झाला, अन् आता मलेच वरतून बोलून राहिला!”

३. मी जिवंत असतानाच योगेंद्रने कोल्ड्रिंकच्या दुकानाचा फलक बनवून माझ्याच पलंगाखाली लपवला आहे. फलक मजबूत आहे. अंजूने तो पालथा घालून त्यावर टमाटर मांडावेत.

४. माझे मालक वारले तेव्हा रीतीप्रमाणे सुतकात दुकान बंद राहिले. शेजारची हर्षा तेव्हा पोटुशी होती. रक्त कमी आहे, पालेभाजी खा, असे नर्सबाईने सांगितले होते. तिचा नवरा रोज बंद दारावरून परत जाई. तेरवीला पंगतीत भाज्याच भाज्या वाढल्या, आणि हर्षा दवाखान्यात सलाईनवर. रीत सांगणारे मात्र पोटभर जेवून गेले.

म्हणून माझे सुतक दुकानाला लागू नाही. विटाळ माणसांना धरतो, मेथीला धरत नाही. दार दहा दिवस बंद दिसले तर एजंट फ्रीज आणून ठेवील, आणि आत आलेला फ्रीज घरजावयासारखा बसतो, हलत नाही.

५. माझे प्रेत रिवाजाप्रमाणे समोरच्या खोलीत ठेवू नये. मागच्या अंगणात ठेवावे. योगेंद्रने मनसोक्त रडावे, पण मागे. अंजूने डोळे पुसून पुढे वजनकाट्यापाशी बसावे; तिला रडायला रात्र आहे. माझ्या शेवटच्या दर्शनाला येणाऱ्याने आधी पुढून पावशेर पालक घ्यावा, मग मागे यावे.

वरील मजकूर मी वाचला, मला पटला, योगेंद्रला पटण्याची गरज नाही.

सही: शकुनबाई खुशाल लांजेवार

आमच्यासमोर सही केली, हसत केली:
साक्षीदार १. सुलोचनाबाई हिरालाल बांते
साक्षीदार २. अनुप मारोतराव गभणे

स्थळ: वरठी, जि. भंडारा
दिनांक: १४ जुलै २०२५