सूनबाईची हिंमत अन् माझा डोळा

हिंगणी,
गुरुवार, दुपार

चिरंजीव बबनले थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (या खेपेस थोडे हातचे राखून देते आहे. काऊन ते पुढं कळेल.) तुझी कंबर कशी आहे? नलूचे गुडघे? तिले म्हणा, तेल लावून उन्हात बसत जाजो अन् नवऱ्यालेही शेजारी बसवत जाजो, म्हणजे तो भलत्या वेळी फोन उचलणार नाई. इकडं सगळे खुशाल आहेत, मी सोडून. अक्षर वाकडं आलं तर वाचून घेजो. चौथीतून शाळा सुटली तेव्हाही ते सरळ नव्हतं, अन् आता तर उजव्या डोळ्यापुढं कोणी ओलं फडकं धरल्यासारखं दिसते.

झालं असं, का मागच्या रविवारी आमच्या सुमीतनं आम्हा सगळ्याइले वर्ध्याले सिनेमाले नेलं. मोहिनी सूनबाईच्या शाळेतल्या बाकी मास्तरणींनी तिले सांगितलं होतं, सहकुटुंब पाहा, लेकराइले चांगलं वळण लागते. (सिनेमानं वळण लागत असतं तर तुझे दोन्ही पोरं आतापावेतो साधू झाले असते.) आत अशी थंडी का मी शालीत घुसून अर्धा सिनेमा नुसता ऐकला. गोष्ट एवढीच. एक पोरगी जंगलात हरवते अन् तिच्या मागं काळाकुट्ट राक्षस लागते. ती पळाली का तो वाढते, लपली का आणखी वाढते. शेवटी पोरगी थांबते, वळते, त्याच्या डोळ्यात डोळे घालून पाहते, अन् तो मांजरीएवढा होऊन तिच्या पायाशी लोळते. लोक रडून राह्यले, टाळ्या वाजवून राह्यले. मी सुमीतले विचारलं, इची माय कुठं आहे? तर माय घरी बसून गाणं म्हणून राह्यली! आपल्या बाया बोरच्या जंगलाकडच्या वावरात कापूस वेचाले जातात तर चौघी मिळून, बोंबलत जातात. वाघाच्या डोळ्यात डोळे घालाले कोणी थांबत नाई, म्हणूनच तर संध्याकाळी घरी येतात. पण हे मोठ्यानं बोलले तर मागचा माणूस म्हणते, "आजी, शांत बसा न."

घरी आल्यावर मोहिनीतली मास्तरीण जागी झाली. चहाचे कप समोर ठेवले अन् म्हणे, आता सगळ्याइनं आपापली भीती सांगाची, अन् उद्यापासून तिच्या समोर उभं राहाचं. सुमीत म्हणे, पाल. नात समीक्षा म्हणे, शेजारच्या महादेवरावची म्हैस. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, मान वर केली नाई. मग मोहिनी स्वतः बोलाले लागली. आधी पदर नीट केला, मग बोटं मोडली, मग म्हणे, "मले आईची भीती वाटते."

कोणत्या आईची हे विचाराची गरजच नव्हती. तिची माय बिचारी कोंबडीलेही "अहो" म्हणते. सुमीत पंख्याकडं पाहाले लागला, पंखा बंद होता. खरं सांगू का बबन, मले वाईट नाई वाटलं. या घरात ती आल्यापासून माझी एवढी तारीफ कोणी केली नव्हती. पण राक्षस मी आहे हे लक्षात येईपर्यंत रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी सगळे हिमतीच्या मागं लागले. समीक्षा म्हशीच्या डोळ्यात पाहाले गेली, तर म्हशीनं तिची वेणी रिबिनीसकट चघळली. सुमीत पालीसमोर उभा राह्यला, पालीनं शेपूट टाकलं, अन् शासनाचा हा नोकर दिवाणावर चढून ओरडून राह्यला. या दोघाइची हिंमत दुपारपर्यंत निवली. मोहिनीची काही निवेना.

आतापर्यंत ती माझ्यासमोर कधी दिवाणावर बसली नव्हती, खाली नाई तर दाराशी. आता येते अन् माझ्या शेजारी बसते, थेट तोंडाकडं पाहते. आवाज कापते, पण बोलते! सोमवारी म्हणे, "आई, कढी खारट झाली." मंगळवारी म्हणे, "आई, तुमी सकाळी अंगणात पोत्याले हाड हाड करून राह्यल्या होत्या." मी म्हटलं, पोतं कुत्र्यासारखं बसलं तर मी काय करू? तर म्हणे, "अन् परवा गॅसवर पदर पेटला तो? मी पाणी टाकलं नसतं तर?" एवढंसं काळं झालं होतं लुगडं. पण तिच्या डोळ्यात पाणी आलं, मग मी कढी हलवाले गेले.

तुले माहीत आहे, डॉक्टरनं मोतीबिंदू पिकला म्हणून कधीचं सांगितलं. मी काई नाई म्हटलं नव्हतं. आधी पितृपक्ष होता, मग वेचणी, मग महादेवरावच्या घरचं लगन, मग उन्हाळा. शेवटी मी सांगितलं, का आमच्या माहेरची रीत आहे, मंगळवारी अंगाले हत्यार लावू देत नाईत. (तो डॉक्टर मंगळवारीच ऑपरेशन करते, म्हणून रीतही मंगळवारचीच काढावी लागली.) हे सांगून सहा महिने सुखात गेले. सासूच्या माहेरच्या रितीले कोणती सून हात लावते? पण काल हिनं सरळ तुले फोन लावला. अन् तू? "नाई बा, असं काई नाई आमच्यात. आमच्या बाबानं तर दाढ मंगळवारीच उपटली होती." तुले दाढेचं कोणी विचारलं होतं? जन्मभर पुलगावच्या डेपोत दारूगोळ्यात नोकरी केलीस, सरकारचं गुपित पोटात ठेवलंस, अन् बहिणीची एक रीत दोन मिनिटं ठेवता आली नाई!

आता येत्या मंगळवारची तारीख घेऊन झाली आहे. मोहिनीनं शाळेत रजा टाकली. मी म्हटलं, माझं काम डाव्या डोळ्यानं चालते. तर माझा हात धरून म्हणे, "माझं नाई चालत." मी सुपारी शोधाले लागले.

नलूले नमस्कार सांगजो, पोराइले आशीर्वाद. तुले काय सांगाचं ते वर सांगितलंच आहे.

तुझी ताई,
इंदिरा

ता. क. मोहिनीनं आत्ता विचारलं, मामाले काय लिहून राह्यल्या? मी म्हटलं, लाल मिरच्या मागवून राह्यले. तेव्हा मिरच्या आणजो, नाई तर मी खोटी पडेन. मंगळवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याच्या दवाखान्यातच घेऊन येजो, हिंगणीपर्यंत वजन काऊन वाहाचं?

दुसरा ता. क. माझ्यासाठी येऊन राह्यला असं समजू नको. मोहिनीले दवाखान्याच्या वासानंच गरगरते, अन् सुमीतले तर पालीचं शेपूट पाहवत नाई. मले आत नेलं का दोघं एकमेकावर पडतील, त्याइच्याजवळ कोणी शुद्धीवरचं माणूस पाहिजे, म्हणून. तोंडावर कापड टाकतात म्हणे, अन् जागंच ठेवतात. कान मात्र उघडे राहतात. तर तू त्या दोघाइले घेऊन दाराच्या अगदी जवळ बसजो अन् खोकत राहाजो. तुझा खोकला मले कुठूनही ओळखू येते. खोकला नाई आला तरी खोकजो.