पाचवा उद्गार

गुड फ्रायडे, संध्याकाळ. रोहा.

उपास सोडायला बसलो, पाण्याचा पेला समोर आला आणि तसाच उठलो.

आज चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर आम्ही सात जण बोललो. माझ्या वाट्याला पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा. महिनाभर आरशासमोर घोकत होतो. भर दुपार, लाईट गेलेली, पंखे बंद. पुलपिटवर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, माझ्यापुढे पाण्याचा पेला झाकून ठेवलेला, बोलणाऱ्याचा घसा सुकू नये म्हणून.

मी अगदी रंगात आलो होतो. तेवढ्यात पुढच्या बाकावरून सारामावशी, कोलाडहून एसटीने उपाशीपोटी आलेली म्हातारी, शेजारणीला म्हणाली, "पाणी हाय का गो कुठं?" सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आणि मी? मी थांबलो. ती खाली मान घालेपर्यंत मास्तरासारखा तिच्याकडे रोखून बघत राहिलो. मग पेल्यातला एक घोट घेतला आणि पुढचं वाक्य म्हटलं. तोच पेला तिच्यापर्यंत न्यायला किती पावलं लागली असती?

नंतर सगळे म्हणाले, फार छान झालं. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. तेही मी घेतलं. पण मावशी माझ्यासाठी दाराशी थांबली होती. माझा हात धरून म्हणाली, "चांगलं बोललास रे बाबा. मी मधीच बोलले, माफ कर हां."

मी म्हणालो, "असू दे मावशी."

असू दे! माफ केलं मी तिला.