चौथं कडवं

आत्या, गावोगाव चळवळीची गाणी म्हणत फिरणाऱ्या गायन पार्ट्यांत गायलेल्या तुम्हा सगळ्या बायकांची तक्रार एकच असणार. गाणं लोकांनी ठेवून घेतलं आणि बाईला विसरले. मी आयुष्यभर व्यासपीठांवरून कुणी कुणाचं काय हिरावलं ते सांगत आलो. त्यावर पुस्तकं वाचली, मोर्चे काढले, मोठमोठ्या माणसांना तोंडावर सुनावलं. तुझ्याबद्दल मात्र आजवर एक वाक्यही बोललो नाही.

मागच्या महिन्यात मुरुमला जयंतीच्या कार्यक्रमात मी प्रमुख वक्ता होतो. माझ्याआधी कॉलेजच्या पोरापोरींचा बँड होता. दोन गिटार, ड्रम आणि मधोमध उभी राहून गाणारी एक पोरगी. तिनं सुरुवात केली, "पाय उचल गं पोरी, रस्ता आपला बी हाय," आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. चाल तुझी, ठेका तुझा, दुसऱ्या ओळीनंतर श्वास घ्यायची जागासुद्धा तुझी. तीन कडवी झाली, टाळ्या पडल्या, आणि निवेदकानं सांगितलं की हे आपलं पारंपरिक गीत. मग मी उठलो आणि इतिहासातून पुसल्या गेलेल्या माणसांवर तासभर बोललो. निवेदकाची चूक काही दुरुस्त केली नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाशीचा तो दुपारचा कार्यक्रम मला अजून दिसतो. तोवर तू इतरांसारखीच पेटीमास्तरच्या मागं सतरंजीवर बसून कोरस धरायचीस, मधूनच एखादं गाणं तुझ्या वाट्याला यायचं. त्या दिवशी लाऊडस्पीकरवाला बुटका स्टँड घरीच विसरून आला होता. उंच स्टँडला माईक तारेनं घट्ट बांधलेला. मास्तर उभ्यानंच दोन गाणी म्हणून खाली बसले, तुझी पाळी आली आणि तूही उठलीस. मास्तर हळूच म्हणाले, "बाई माणूस उभं राहून गातंय व्हय? बस की खाली."

"माईक उभा हाय मास्तर. मी बसून कुणाला ऐकवू, त्याच्या पायाला?"

मंडपातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तू बँजोवाल्याला म्हणालीस, "रडवू नको त्याला, पळव." आणि उजवा पाय फळीवर आपटत हेच गाणं असं काही सुरू केलंस की ढोलकीवाल्याला गाठता गाठता घाम फुटला. एक म्हातारे "ह्यो काय तमाशा लावलाय" म्हणत चप्पल शोधायला लागले. त्यांची सून मात्र जागची हलली नाही. त्यानंतर तू बसून कधी गायली नाहीस. तीन-चार हंगाम तुझेच होते. उमरगा, निलंगा, पलीकडं कानडी मुलुखातली गावं. तिथं शब्द कुणाला कळत नव्हते, तरी लोक गाणं दोनदा म्हणायला लावायचे. टेम्पोत ढोलकी मांडीवर घेऊन तू झोपायचीस आणि सकाळी आमच्या जळकोटच्या शिवारात खुरपायला हजर असायचीस.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तू मनात रचायचीस, आणि तुळजापूरच्या कॉलेजातून सुट्टीला आलो की मी ती वहीत उतरवून घ्यायचो. बोलायला मला तूच शिकवलंस. "शब्द तोंडातनं निघाला की लगीच दुसरा लोटू न्हाय. पहिला पार मागच्या माणसापत्तूर पोचू दे, मग दुसरा." माझ्या भाषणशैलीबद्दल कुणी विचारलं की मी ग्रंथांची नावं सांगतो.

आपल्या पार्ट्यांमध्ये रीत अशी की शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव यायचं. पहिल्या तीन कडव्यांत सगळ्यांचं दुःख, सगळ्यांची वाट. चौथ्यात कोण सांगतंय ते. तुझ्या चौथ्या कडव्यात 'जळकोटची' असा शब्द होता आणि पुढं तुझं नाव. पुढं एका वर्षी जयंतीला गीतांची पुस्तिका छापायचं ठरलं आणि संपादनाचं काम माझ्याकडं आलं. डोकं पुस्तकांनी तापलेलं होतं. व्यक्तिपूजा मुळातून उपटायची, असं मी ठरवून टाकलं, आणि सगळ्या गाण्यांची नावाची कडवी काढून टाकली.

तू चुलीपुढं भाकरी थापतेस. मी उंबऱ्यावर बसून छापलेली पुस्तिका तुला वाचून दाखवतोय. तुझं गाणं संपतं तसा तुझा हात थांबतो.

"शेवटचं कडवं कुठं गेलं रं?"

"काढलं, आत्या. चळवळ एका माणसाच्या नावावर चालत नसती. सगळ्यांचीच नावं काढलीत."

"मास्तरचं बी?"

"व्हय."

"मास्तरला पाच तालुके वळखतात. त्यांचं काढलं तर त्यांचं काय जातंय?" तू पीठ झटकतेस. "जमीन तुझ्या बापाच्या नावावर. रेशनकार्ड बी त्याच्याच नावावर. माझं नाव तेवढं कडव्यात होतं."

मी तुला समजावलं. गाणं एकदा लोकांचं झालं की त्यावर कुणाचा मालकी हक्क राहत नाही, हे उदाहरणांसकट, चांगलं पाव तास. तू ऐकून घेतलंस आणि ताटात भाकरी टाकून म्हणालीस, "खा. निवंल." वादात आपण जिंकलो, असं मला वाटलं होतं.

पुस्तिका गावोगाव गेली. दुसऱ्या पार्ट्या त्यातून बघून तीन कडवी म्हणायला लागल्या. पुढं शहरातल्या कुणा गायकानं त्याची कॅसेट काढली, खाली 'पारंपरिक' असं छापून. मग तुला बोलावणं येईना. "कॅशेट हाय की," म्हणायचे लोक. एकदा स्टँडवरच्या हॉटेलात ते गाणं लागलं होतं. तू खुरपं घेऊन बाहेर उभी होतीस आणि हॉटेलवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "ह्या बाई बी हे गाणं म्हणायच्या बरं का. लई हुबेहूब." तू हसलीस. मी शेजारीच होतो. मास्तरांची गाणी मात्र आजही मास्तरांचीच आहेत, पुस्तिकेत नाव नसूनसुद्धा. सगळ्यांना सारखं कापलं, असं मी म्हणत आलो. कापलं सारखं, गेलं एकटीचं.

नंतर मी वाचलं की अमेरिकेत रॉक अँड रोल नवं होतं तेव्हा तिथल्या काही काळ्या बाया अशाच गिटार गळ्यात अडकवून, पाय आपटत गायल्या. त्यांची गाणी दुसऱ्यांनी म्हटली आणि नाव दुसऱ्यांचं झालं. त्यावर मी लातूरला व्याख्यान दिलं. लोक हळहळले. तेव्हाही तू मला आठवली नाहीस, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मुरुमला कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी गाडीपाशी आली.

"सर, तुम्ही जळकोटचेच ना? आजी म्हणती, हे गाणं जळकोटच्या एका बाईचं हाय. उभी राहून म्हणायची म्हणं."

"लोकांचं गाणं आहे ते."

"ते खरंय सर. पण पहिल्यांदा कुणातरी एकाच्याच तोंडातनं निघालं असंल की."

दोन महिन्यांनी रेकॉर्डिंग आहे, नाव कळलं तर घालू, असं म्हणून तिनं नंबर दिला. "बघून सांगतो," एवढंच मी बोललो. बघायचं काय होतं? ज्या कडव्यावर स्वतः रेघ मारली, ते माणूस विसरत नाही.

आज ते कागदावर उतरवलंय, चारही ओळी. उद्या मुरुमला जाऊन तिच्या हातात देणार आहे, आणि कुणी काढलं हेही सांगणार आहे. तिला आणि यापुढं हे गाणं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे: चौथं कडवं म्हणा. त्यातलं नाव मोठ्यानं घ्या. वेळ कमी असेल तर पहिल्या तिन्हीतलं एखादं गाळा, पण चौथं म्हटल्याशिवाय माईक सोडू नका.

तू आता नाहीस, हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथं लिहितो. त्या दिवशी चुलीपुढं तू पुस्तिका हातात घेऊन उलटीपालटी केलीस. मागच्या पानावर माझं मनोगत होतं. ठळक अक्षरातल्या ओळीवर पिठाचं बोट ठेवून तू विचारलंस, "हे काळंकाळं काय लिवलंय रं?" मी म्हणालो, "काय न्हाय, छापखान्याचं हाय." आत्या, ते माझं नाव होतं.