बाईंना रजा मिळाली नाही

१ जानेवारी २००६, शनिवार पेठ

आजपासून रोज लिहायचं. दहा ओळी पुरे. रडगाणं नको.

मुक्काम मेव्हणीकडे, वासंतीकडे, म्हणजे नीरजाच्या धाकट्या बहिणीकडे. ऑफिसमधून नऊ आठवड्यांची रजा घेतली आहे. उद्यापासून विश्रांतवाडीच्या वस्तीतल्या शाळेत इंग्रजी शिकवणार. नीरजा सहा वर्षं दर हिवाळ्यात सॅन होजेहून इथे येऊन शिकवायची. मला रजा मिळायची नाही, प्रोजेक्ट असायचे. तिचं काम आता मी पूर्ण करणार. एक्सेलमध्ये आठवडावार प्लॅन तयार आहे. मार्चपर्यंत मुलं इंग्रजीत बोलायला लागतील.

नीरजा ऑगस्टमध्ये गेली, हे शाळेला माहीत नाही. सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं होतं, टाकायचं राहिलं. अजून बॅगेत आहे. उद्या मुलांना समक्षच सांगेन.

वासंतीला प्लॅन दाखवला. म्हणाली, छान आहे हो भाऊजी, मुलांचा कॉलम कुठला?

२ जानेवारी

सांगितलं नाही. पहिला दिवस, उगाच वातावरण बिघडायला नको.

दोन खोल्या, चोवीस मुलं. बहुतेक परभणी-नांदेडकडची, आईबाप नव्या आयटी पार्कच्या बांधकामावर. मुख्याध्यापिका द्वारकाबाई. चहा दिला, खुर्ची दिली, काही विचारलं नाही. मुलं तरी बाई कुठे आहेत असं विचारतील, म्हणून मी रात्रभर वाक्यं तयार केली होती. एकानेही विचारलं नाही. सहा वर्षं जीव लावला तिने, आणि मुलं वर्षभरात विसरली. वाईट वाटलं. माणसं अशीच असतात.

शेवटी मीच म्हणालो, बाईंना यंदा रजा मिळाली नाही. शंभू नावाचा मुलगा रुपालीकडे बघायला लागला. रुपाली अकरा वर्षांची, वर्गाची पुढारी. वेणीचं टोक तोंडात धरून म्हणाली, बरं सर.

नीरजा नोकरीच करत नव्हती, तिला कसली रजा. पण मुलांना एवढं कुठे कळतं.

५ जानेवारी, गुरुवार

पॉवरपॉइंटच्या बेचाळीस स्लाइड नेल्या होत्या. गुरुवारी दिवसभर वीज नसते, हे कुणी सांगितलं नाही. लॅपटॉपची बॅटरी अकराव्या स्लाइडला संपली. मग रुपालीने उठून बाईंचं एक इंग्रजी गाणं हातवारे करून घेतलं, सगळी मुलं ओरडून म्हणत होती. ही लीडरशिप माझ्या पद्धतीमुळेच पुढे आली. प्लॅनमध्ये नोंद केली.

९ जानेवारी

नीरजाची वही उघडली. प्रत्येक मुलाबद्दल एकेक ओळ आहे. शंभू: चष्मा हवा, सांगायला लाजतो. कौशल्या: धाकट्या भावाला घेऊन येते, येऊ द्यावं. रुपाली: खोटं बोलताना वेणी चघळते.

वाचायला बरं आहे, पण यात मोजता येण्यासारखं काही नाही.

रुपाली माझ्यासमोर सारखी वेणी चघळते. हा पोषणाचा प्रश्न आहे. मंडईतून दोन डझन केळी न्यायची.

१४ जानेवारी, संक्रांत

अर्धा दिवस शाळा. प्रत्येक मुलाने घरून माझ्यासाठी तिळगूळ आणला होता, कागदाच्या पुड्यांत. डबा भरला. माझ्याकडून कुणी मागितला नाही. रुपाली म्हणाली, आई म्हणली, सरांच्या घरी यंदा नाही व्हायचा.

एकट्या पुरुषाला लाडू वळता येत नाहीत, असं वाटलं असणार त्या बाईला. भोळी माणसं. पण एक नक्की, दोन आठवड्यांत मी मुलांचा आवडता झालो.

आज सांगणार होतो. सणाचा दिवस, म्हणून नाही सांगितलं.

२० जानेवारी

नवीन उपक्रम. मुलांना म्हणालो, बाईंना पत्र लिहा, मी पोचवतो. मुलं द्वारकाबाईंकडे बघायला लागली. त्या फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, लिहा रे, सर सांगताहेत ना.

चोवीस पत्रं जमली. बाई तुम्ही कधी येणार, असं एकात नाही. सगळ्यांत मीच. सर डबा पूर्ण खात नाहीत. सरांना खोकला झाला होता, आता बरा आहे. सर दुपारी खिडकीपाशी बसतात तेव्हा आम्ही गडबड करत नाही. बाई, काळजी करू नका.

माझा एवढा प्रभाव पडेल असं वाटलं नव्हतं.

२७ जानेवारी

नीरजाच्या वतीने उत्तर लिहून वाचून दाखवलं. तब्येत उत्तम, काम फार, सर्वांनी अभ्यास करावा. रुपालीने विचारलं, बाईंनी शंभूच्या चष्म्याचं काही लिहिलं नाही का. म्हणालो, पुढच्या पत्रात लिहितील. बरं सर, म्हणाली. वेणी तोंडात. केळ्यांचा उपयोग नाही, कॅल्शियम द्यावं लागेल.

३ फेब्रुवारी

या आठवड्यात सांगायचं ठरवलं होतं. पण मी ठेवलेली चाचणी परीक्षा जवळ आली. परीक्षेच्या तोंडावर मुलांना धक्का देणं बेजबाबदारपणाचं होईल.

१३ फेब्रुवारी

बाथरूमच्या आरशासमोर सराव केला. मुलांनो, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. चार वेळा. पाचव्यांदा अर्ध्यावरच नळ सोडला. बाहेर आलो तर दारात वासंती टॉवेल घेऊन उभी. म्हणाली, आरशाला कळलं भाऊजी. आता मुलांना सांगा.

पुढच्या सोमवारी नक्की.

२२ फेब्रुवारी

सोमवारी द्वारकाबाई रजेवर होत्या. त्यांच्या मागे सांगणं बरं दिसलं नसतं.

चाचणीचा निकाल लागला. वीसपैकी सरासरी तीन. पेपर जरा वरच्या पातळीचा काढला होता. पाया पक्का झाला आहे, गुणांत दिसायला वेळ लागतो. शंभू शून्य. म्हणाला, फळ्यावरचं दिसत नाही.

हे वहीत होतं. वही माझ्याच बॅगेत होती.

२४ फेब्रुवारी

शंभूला चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मा घालून तो बराच वेळ समोरची पाटी वाचत उभा राहिला. मग म्हणाला, बाईंनी सांगितलं का सर? हो म्हणालो. त्याने चष्मा काढून पुसला.

२ मार्च

शेवटचा दिवस. सांगितलं.

आरशासमोरचं एकही वाक्य आठवलं नाही. एवढंच म्हणालो, बाई ऑगस्टमध्ये गेल्या.

कुणी रडलं नाही. कुणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. कौशल्याने धाकट्या भावाला मांडीवर घेतलं. शंभू हळूच म्हणाला, सांगितलं सरांनी. द्वारकाबाई दारातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आधीच भरून ठेवला असावा.

मग त्यांनी सांगितलं. वासंती सप्टेंबरमध्येच येऊन सांगून गेली होती. त्या दिवशी शाळा सोडून दिली. मी येणार असं कळल्यावर त्यांनी मुलांना बजावलं, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने आपणहून सांगायचं असतं, आपण विषय काढायचा नाही. मी विचारलं, मग ती पत्रं? म्हणाल्या, तुम्हीच लिहायला सांगितलंत. मुलांनी विचारलं, बाई नाहीत तर लिहायचं काय. मी म्हटलं, सर कसे आहेत ते लिहा. आणि तिळगूळ? म्हणाल्या, अहो, घरात वर्षाच्या आत गेलेलं माणूस. तुमच्याकडे कसा होणार? मग दुसऱ्यांनीच आणून द्यायचा असतो ना.

हे मला माहीत होतं. आईच्या वेळी शेजारच्यांनी दिवाळीचा फराळ आणून दिला होता.

निघताना रुपाली फाटकापर्यंत आली. वेणी पाठीवर होती. म्हणाली, सर, रजा मिळाली नाही असं तुम्ही म्हणालात ना, तेव्हा शंभू हसणारच होता. मी चिमटा काढला. विचारलं, हसण्यासारखं काय होतं त्यात? म्हणाली, बाईसुद्धा दर वर्षी हेच सांगायच्या. आम्ही विचारायचो, तुमचे सर का नाही आले? त्या म्हणायच्या, सरांना रजा मिळाली नाही.

मग तुम्ही काय म्हणायचात, मी विचारलं.

आम्ही म्हणायचो, बरं बाई.

३ मार्च

एक्सेलची फाइल उघडली. शेवटच्या आठवड्यासमोर काय भरावं ते सुचलं नाही. बंद केली.

सकाळी ऑफिसला मेल केला, अजून तीन आठवड्यांची रजा हवी. नाही मिळणार हे माहीत होतं, नवा प्रोजेक्ट सुरू होतो आहे. मोठा मेल लिहिला, सगळी कारणं दिली.

बारा मिनिटांत मॅनेजरचं उत्तर आलं. हवी तेवढी घे. यंदापर्यंत इतक्या वर्षांत तू कधी मागितलीच नव्हतीस.