कोन की कोण

मंगळवार, १२ तारीख

ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग. इकडे सगळं ठीक. झाली विचारपूस करून, आता ऐक.

फोन तू दाणकन ठेवलास, म्हणून लिहितेय. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

आधी शाळेचं. तुझ्या खटपट्या लेकीने भूमितीच्या पेपरातून त्रिकोण फाडून काढला, हे खरं. दोन बाजू सारख्या असल्या की त्यांच्या समोरचे कोनही सारखे, हे दाखवायचं होतं. तिने त्रिकोण मधोमध दुमडला, कोपऱ्यावर कोपरा बसवला आणि खाली लिहिलं, "दोन्ही कोण सारखेच. घडी घालून बघा." मागच्या बाजूचं उत्तरही त्यात फाटलं. बाईंनी शून्य दिलं. मी शाळेत जाऊन भांडले, हेही खरं. मग काय पेढे वाटायला हवे होते?

पोरगी मठ्ठ नाहीये गं! फळ्याकडे बघून तिला झोप येते, मान्य. पण आमच्या कारखान्यात खोकी कापून उरलेले पुठ्ठे मी आणते ना, ते हातात आले की बघ तिला. एकदा त्रिकोणाचे तिन्ही कोपरे कापून तिने शेजारी शेजारी लावले, तर खाली सरळ रेघ! "मावशी, हे चुकून झालं," म्हणाली. मग दुसरा कापला, मुद्दाम वेडावाकडा. तरी रेघच. टेबलावर, गादीवर, माझ्या चपलेतसुद्धा कोपरे! वर मलाच विचारते, "त्रिकोणात ण, मग कोनात न का? तीन जमले की ण होतो का?" मला काय डोंबल माहीत! हसून हसून पोट दुखलं आमचं.

घडी घातली म्हणजे सिद्ध झालं असं नाही, असं बाई म्हणाल्या. एका कागदावर जुळलं म्हणून सगळीकडे जुळेल कशावरून? तेही बरोबर आहे. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो. पण बाई निवळल्या. शुक्रवारी पुन्हा पेपर घेतील, दुमडायला वेगळा कागदही देतील. फक्त तुझी सही हवी.

आणि तू काय केलंस? भूमितीच नको, हिला सोप्या गणिताला टाका, म्हणून सांगून आलीस. तेही तिच्यासमोर! "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." लाज नाही वाटली?

काल शाळेच्या फाटकाशी भेटले तिला. नवे पुठ्ठे नेले होते. तिने हात पुढे केलेच नाहीत. पाठीमागे धरून उभी. म्हणाली, "मावशी, नको. मी आता कशाला हात लावणार नाही." मीच तिचे हात पुढे घेतले. तळव्यांवर वळ होते. "पट्टी लागली," म्हणाली. आपोआप लागते होय गं पट्टी? रेघा मारायला मीच आणून दिलेली होती ती.

म्हणून फोन केला. आणि तू काय म्हणालीस, ते लिहायला हात धजत नव्हता, पण लिहितेच. "स्वतःला एक नाही, चालली माझ्या पोरीला शिकवायला. तू तिची कोण?"

रात्रभर तोच प्रश्न डोक्यात. संतापाने नुसती फणफणत होते. मग पाढ्यांचे मास्तर आठवले. माझं चुकलं की छडी उगारायचे. एकदा तू बाकावरून उठून आलीस आणि माझ्या हातावर तुझा हात ठेवलास. दोन फटके खाल्लेस. मास्तर ओरडले, "मध्ये पडणारी तू कोण?" तू म्हणालीस, "मी तिची ताई." एवढंच. त्यांनी छडी खाली ठेवली.

तोच हात ना गं तुझा? त्याच हाताने मारलंस तिला?

शुक्रवारी सकाळी मी फाटकाशी उभी असेन. सही करून तिला घेऊन ये. माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. पण त्या पट्टीच्या आणि तिच्या हाताच्या मध्ये आता माझा हात असेल, लक्षात ठेव. आणि कोण म्हणून विचारशील, तर उत्तर तूच शिकवलेलं आहे.

मी तिची मावशी