समीकरणांची नावं

प्रिय दादा,

कशी आहेस वगैरे विचारू नकोस, मी चिडले आहे. ‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने. बाबांच्या पुस्तकाची तू तपासून पाठवलेली पहिली चार प्रकरणं मी बाकीच्या प्रकरणांना जोडली आणि पानोपानी प्रश्नचिन्हं उगवली. ‘समीकरण ?? वरून असे दिसते की...’ गणिताचं पुस्तक आहे की पोलिसी तपास?

आधी वाटलं, नेहमीचंच असेल. क्रमांक जागेवर बसायला फाईल दोनदा चालवावी लागते, हे छापखान्यात इतकी वर्षं पानं लावणाऱ्या मला कोणी शिकवायला नको. दोनदा चालवली, तीनदा चालवली, मधल्या फायली पुसून पुन्हा चालवली. प्रश्नचिन्हं ढिम्म हलेनात. मग तुझी प्रकरणं उघडली आणि डोकंच फिरलं.

समीकरणाला क्रमांक संगणक देतो. आपण त्याला आतल्या आत एक नाव द्यायचं आणि पुढे कुठेही त्याच नावाने हाक मारायची. मध्ये नवं समीकरण घुसलं तरी सगळे क्रमांक आपोआप सरकतात. तू प्राध्यापक, तुला हे माहीत आहे. बाबांनी नावं दिली ती त्यांच्या पद्धतीची: रुसूबाई, लांबशेपट्या, शेजारीण. तू ती सगळी खोडून तिथे आकडे घातलेस. का, तर पोरकट दिसतात म्हणे. अरे, छापील पानावर ती दिसतच नाहीत! मग लाज वाटली ती कोणाची? बरं, खोडलीस ती तरी धड? तिसऱ्या प्रकरणात दोन समीकरणांना एकच आकडा, त्यामुळे शेजारणीला हाक मारली की लांबशेपट्या ओ देतो. पुढची प्रकरणं माझ्याकडे होती. ती अजून जुन्याच नावांनी हाका मारताहेत आणि ओ द्यायला कोणी नाही. वर ‘जुनी प्रत काढून टाक, उगाच गोंधळ नको’ असं बजावणारा तूच. काढली मी, आणि आता कोणतं नाव कोणत्या समीकरणाचं हे कळायला मार्ग नाही. तुझ्याकडे ती नक्की असेल, तू काही टाकत नाहीस.

तू म्हणशील, एवढं काय आकाशपाताळ एक करतेस, बाबांनाच विचार की. विचारलं. शेवटचं प्रकरण ते खुर्चीत बसून तोंडी सांगतात, मी टाइप करते. फोनवर तुला ते ठणठणीत वाटतात, कारण तू ‘बरे आहात ना’ एवढंच विचारतोस आणि ते ‘हो’ म्हणतात. समीकरण लिहून दाखवा म्हटलं तर आता त्यांना जमत नाही. नावं मात्र अजून पक्की आहेत, किती दिवस राहतील ते डॉक्टरही सांगत नाहीत. आज सकाळी म्हणाले, “इथे ढोल्या लाव, म्हणजे सिद्धता संपली.” लहानपणी तुला ते याच नावाने हाक मारायचे. मी विचारलं, बाबा, ढोल्या म्हणजे कोण? बराच वेळ ते आठवत बसले. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “माणूस नाही गं तो. समीकरण आहे.” जुनी प्रत आजच्या आज पाठव, दादा. आणि तिच्या पाठोपाठ तू ये.

तुझीच, अजूनही चिडलेली,
धाकटी