पाइपचं शेपूट

३ मार्च
आणि परत तेच! ऑपरेटरकाका आजही म्हणाले, तू आपला पाइपच्या शेपटाशी बस. दोन महिने बसतोय. तळ्यात मशीन तरंगतं, तळाचा गाळ ओढतं आणि लांबलचक पाइपातून पलीकडच्या खड्ड्यात ओकतं. काका सावलीत खुर्ची टाकून, गळ्यात रिमोट अडकवून, दोन बोटांनी ते चालवतात. मी काय करायचं? पाइपचं टोक खड्ड्यातच आहे ना, ते बघायचं. त्यात काय बघायचं? पाइप काय उठून घरी जाणार आहे?
ठरलं. या महिन्यात ऑपरेटर व्हायचं.

५ मार्च
घरी फोन. आईला सांगितलं, ऑपरेटर झालो. जवळजवळ झालोच आहे, फक्त 'जवळजवळ' म्हणायच्या वेळी लाइन खराब होती. धाकटीच्या नर्सिंगची फी अठरा हजार. वीस तारखेच्या आत भरली नाही तर सीट जाणार. म्हटलं, अगं मी आहे ना! धाकटीने विचारलं, दादा, मशीन केवढं असतं रे? म्हटलं, आपल्या घराएवढं. खरं तर न्हाणीघराएवढं. पण न्हाणीघर घरातच येतं.

८ मार्च
प्रॅक्टिस जोरात. जेवणाच्या डब्याला दोन काड्या चिकटवल्या, झाला रिमोट. दिवसभर शेपटाशी बसून डबा चालवला. साहेबांनी लांबून पाहिलं. काकांना विचारत होते, याचं डोकं बरं आहे ना? तब्येतीची चौकशी करतात म्हणजे मनात भरलोय.

१२ मार्च, सकाळी
काकांची दाढ सुजली. फार वाईट वाटलं, चहा संपेपर्यंत. साहेब म्हणाले, आजच्या दिवस चालवशील? म्हटलं, डोळे मिटून. म्हणाले, उघडे ठेव. मग शेपटाशी कोण, असं विचारत होते. म्हटलं, मी इथूनच लक्ष ठेवतो. शेपूट वळणापलीकडे, झुडपांमागे आहे. पण माझी नजर तेज आहे.

दुपारी
मशीन लोण्यासारखं चाललंय. काका अर्ध्या स्पीडवर ठेवतात, मी फुल. पाइपने दोनदा उसळी मारली. मशीनलाही हात कळतो. बदकांना दाणे टाकणारे आजोबा धापा टाकत आले. म्हणाले, अरे बाळा, तिकडे बदकं भर पाण्यात उभी आहेत. म्हटलं, आजोबा, बदकं तरंगतात. म्हणाले, तेच तर सांगतोय!
वय झालं की होतं असं.

संध्याकाळी
शेपूट उसळून तळ्यात पडलं होतं. कधी, ते कुणालाच माहीत नाही, कारण बघणारा माणूस जागेवर नव्हता. तो प्रमोशनवर होता. दिवसभर या टोकाचा गाळ त्या टोकाला. तिकडे मस्त बेट झालंय. साहेबांना शांतपणे समजावलं, काढायचा होता तो गाळ काढला, ठेवायचा कुठे हा वेगळा विषय. साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून रागाने तळ्यात फेकलं. बुडालं नाही. बेटावर पडलं. एक बदक जाऊन त्यात बसलं.

१५ मार्च
डिझेलचे पैसे पगारातून कट. काका कामावर हजर. गाल टम्म, बोलता येत नाही, तरी मला जे बोलले ते अगदी स्पष्ट होतं. आता पाइपला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला. दोघांपैकी कुणीही जागा सोडली तर दुसऱ्याला कळेल, असं साहेब म्हणाले. सिस्टीम चांगली आहे.

१९ मार्च
फोन करणारच नव्हतो, धाकटीचाच आला. फी भरली म्हणे! शेजारच्या मावशी एरवी वाटीभर साखर देत नाहीत. मुलगा ऑपरेटर आहे म्हटल्यावर अठरा हजार काढून हातावर ठेवले. म्हणजे हिशेबाने फी मीच भरली. तसं धाकटीला म्हटलंही. ती मग म्हणाली, दादा, नीट जेवत जा. तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. दर महिन्याला तीन हजार फेडायचं कबूल केलंय, ऑपरेटरला काय जड? म्हटलं, काहीच नाही.
या महिन्याचे उद्या पाठवतोय. सातशे चाळीस.